पुलाच्या गावची लाइन

मंत्रिमंडळाच्या कचेरीच्या तळघरात टेलिफोनचा बोर्ड होता आणि दिवसपाळीला त्या बोर्डासमोर अठरा वर्षं एकच बाई बसायची. वयानं ती काही फार मोठी नव्हती, पण आवाजच असा वडीलधारा की मंत्र्यांपासून दरवानापर्यंत सगळे तिला ताई म्हणत. समोर दीडशे भोकांची लाकडी फळी, खाली दोऱ्यांच्या दोन रांगा, डोक्यावर हेडफोन. कुणाचा फोन आला की भोकावरचा बारीक दिवा लागायचा. दोरीचं एक टोक तिथे खुपसायचं, "कोण हवंय?" विचारायचं आणि दुसरं टोक हव्या त्या भोकात. काम एवढंच. पण हिला आवाजांची अशी काही ओळख होती की माणूस नुसता खाकरला तरी ती नाव सांगायची. एकदा अर्थखात्याचे सचिव सर्दीनं इतके घोगरे झाले होते की घरी फोन केला तर बायकोनं "राँग नंबर" म्हणून ठेवून दिला. हिनं मात्र लगेच ओळखलं, वर "वाफ घ्या जरा" असंही सांगितलं.

घरी उलटाच प्रकार. सासूबाईंना कमी ऐकू यायचं, त्यामुळे दिवसभर हळू आवाजात बोलणारी ही घरात पाऊल टाकलं की ओरडायला लागायची. नवरा छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचा. तो म्हणायचा, "माझ्या नशिबी दोन बायका. एकीला भिंतीपलीकडचं ऐकू येतं आणि एकीला समोरचं येत नाही." अकरा वर्षांची एक मुलगी होती. ती आजीच्या कानाशी तोंड नेऊन शाळेतल्या चहाड्या सांगायची, त्या मग सगळ्या जिन्याला ऐकू जायच्या.

कचेरीतली मात्र एक गोष्टही ताईनं कधी घरी आणली नाही. नोकरीला लागताना कागदावर सही केली होती: कानावर पडेल ते कानातच राहील. अठरा वर्षांत तिनं ते पाळलं. नवऱ्यानंही कधी खोदून विचारलं नाही.

त्या वेळचे पंतप्रधान मूळचे गणिताचे शिक्षक. सगळा देश त्यांना मास्तर म्हणायचा. उंच, किडकिडीत, बोलण्याआधी घसा साफ करायची सवय. युद्ध सुरू झालं त्या सकाळी शेजारच्या देशाच्या तोफा राजधानीच्या उत्तरेच्या टेकड्यांवरून ऐकू येत होत्या. मंत्र्यांनी गाड्या काढल्या होत्या, फायली पेट्यांत भरल्या होत्या. मास्तरांनी रेडिओवर जेमतेम चार वाक्यं सांगितली. शेवटचं वाक्य होतं, "मी इथेच आहे, माझा नंबर बदललेला नाही."

त्याचा परिणाम काय झाला, तर अर्ध्या तासात बोर्डावरचे सगळे दिवे लागले. लोक खरंच फोन करायला लागले. कुणी म्हातारी म्हणायची, मास्तर आहेत ना तिथे? आहेत म्हणा फक्त, मग मी ठेवते. ताईनं त्या दिवशी चारशेच्या वर लोकांना सांगितलं, "आहेत हो, आहेत." संध्याकाळी तिचा घसा बसला होता. वरून मास्तर स्वतः लाइनवर आले आणि म्हणाले, "ताई, वर्गात एकानं प्रश्न विचारला की सगळेच विचारतात. चुकलंच माझं."

दोन वर्षं युद्ध चाललं. कचेरीच्या खिडक्यांना वाळूची पोती लागली, छताचा एक कोपरा उडाला, बोर्डावर चुन्याची धूळ पडायची ती ताई रंगाच्या ब्रशनं झटकायची. नवव्या महिन्यात शत्रूच्या बाजूनं शरणागतीच्या अटी फोनवर वाचून दाखवल्या. मास्तरांनी अकरा मिनिटं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हिशेब बरोबर मांडलाय तुम्ही. आम्हाला तो मान्य नाही." फोन ठेवला आणि लगेच ताईला म्हणाले, "सेनापतींना द्या." आवाज जराही हलला नव्हता. पण पलीकडून त्यांच्या हातातली पेन्सिल टेबलावर टकटक वाजत होती, ती तिला ऐकू येत होती.

आघाडीकडे जाणाऱ्या लाइनी सहा होत्या. त्यातली सगळ्यात महत्त्वाची होती नदीवरच्या पुलाच्या गावाची. पूल आपल्या हातात होता तोवर नदीपलीकडच्या आपल्या चाळीस हजारांच्या लष्कराला परतीची वाट होती. त्या गावच्या एक्स्चेंजवर एक पुरुष ऑपरेटर होता. ताई त्याला पूलवाले भाऊ म्हणायची. तिनं त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. पण दिवसातून दहा-बारा वेळा लाइन जोडायची, मधे दोन-तीन मिनिटं दोघांनाही थांबून राहावं लागायचं, तेवढ्यात बोलणं व्हायचं.

"काय भाऊ, जिवंत आहात ना?"

"तुमच्या आशीर्वादानं ताई. सकाळी एक गोळा पोस्टाच्या पेटीवर पडला. लोकांची पत्रं एकदम पोचली स्वर्गात."

हळूहळू तिला त्यांच्या घरचं सगळं माहीत झालं. बायको, दोन मुली, घर पुलापासून हाकेच्या अंतरावर. सासू वरच्या टेकडीवर राहते. धाकटीला दात यायला उशीर होतोय. भाऊंनाही इकडचं माहीत असायचं. ताईच्या सासूबाई तोफांचा आवाज ऐकून "कुणी दार वाजवतंय का गं?" असं विचारतात, हे ऐकून ते पोट धरून हसले होते. घरी नवऱ्याला सांगता येत नव्हतं ते ताई या माणसाशी बोलायची, कारण दोघांचं काम एक, भीती एक आणि दोघांनीही तोंड बंद ठेवायची सही केलेली.

चौदाव्या महिन्यात, थंडीत, दाट धुक्याच्या एका दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी मास्तरांनी सेनापतींची लाइन मागितली. ताईनं जोडली. लष्करानं नेमलेला एक टेहळ्या त्या दिवसांत तिच्या शेजारी खुर्ची टाकून दुसरा हेडफोन लावून बसायचा. दोघांनी मिळूनच ऐकलं.

सेनापती म्हणाले, पूल आणखी चोवीस तास टिकणार नाही. धुकं आहे तोवर लष्कर अलीकडे घेतलं तर चाळीस हजार माणसं वाचतील. साडेचारला पूल उडवावा लागेल.

मास्तर म्हणाले, "आणि गाव?"

"गाव हललं की शत्रूला कळेल. मग कुणीच परतणार नाही."

लाइनवर पेन्सिलीची टकटक ऐकू आली. मग मास्तर म्हणाले, "घ्या लष्कर अलीकडे. गावात कळवू नका. हुकूम माझा आहे, तसं लिहा." फोन ठेवायचा आवाज आला नाही. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "ताई, लाइनवर आहात?"

"हो."

"ऐकलंत?"

ती काही बोलली नाही. ऐकलं असं कबूल करायची तिला परवानगी नव्हती. मास्तरांनी घसा साफ केला आणि फोन ठेवला.

दोन वाजता पुलाच्या गावचा दिवा लागला.

"ताई, एक विचारू? लष्कराच्या गाड्या आज उलट्या तोंडानं चालल्यात. काही विशेष?"

शेजारचा टेहळ्या तिच्याकडे बघत होता. ताई म्हणाली, "नाही हो, नेहमीचंच. तुकड्यांची बदली असेल."

"घरून दोनदा फोन आला. बायको म्हणते, मुलींना घेऊन टेकडीवर आईकडे जाऊ का? काय सांगू तिला?"

टेहळ्यानं खुर्ची पुढे ओढली. "कशाला उगाच घाबरवता त्यांना?" ती म्हणाली. "थंडीचं लेकरांना घेऊन कुठे फिरतील?"

"तेच म्हटलं मी," भाऊ म्हणाले. "ठीक आहे, ठेवतो."

साडेचारला पूल उडाला. त्यानंतर दोन मिनिटांनी शत्रूच्या तोफा गावावर सुरू झाल्या. चार बत्तीसला लाइन मेली. ताई पाळी संपेपर्यंत त्या भोकात दोरी घालून "भाऊ, भाऊ" म्हणत राहिली. नंतर टेहळ्यानंच तिच्या हातातून दोरी काढून घेतली. गावातली अडीचशेच्या वर माणसं गेली. लष्कर वाचलं, आणि पुढे त्याच लष्करानं युद्ध जिंकून दिलं, हेही खरं.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी रेडिओवर सांगितलं की गावाला न कळवण्याचा हुकूम त्यांचा स्वतःचा होता, दुसऱ्या कुणाला बोल लावू नये. तेव्हापासून दर आठवड्याला ते लष्करी इस्पितळात त्या गावच्या जखमींना भेटायला जायला लागले. गाजावाजा नाही, फोटो नाही. वार आणि वेळ दर खेपेला बदलायची. ती फक्त त्यांच्या ड्रायव्हरला, सुरक्षा अधिकाऱ्याला आणि बोर्डावर ताईला माहीत असायची, कारण मास्तर निघाले की ऐनवेळी इस्पितळाला कळवणारी तीच.

ताईनं त्या दिवसाबद्दल घरी चकार शब्द काढला नाही. पण ती खाताना मधेच थांबायची. मुलीच्या पांघरुणाची टोकं पुन्हा पुन्हा खोचायची. नवऱ्यानं एकदा विचारलं, "बरं नाही का?" ती म्हणाली, "कान दुखतात." जाऊ द्या त्यांना आईकडे, एवढंच म्हटलं असतं तर? यात कुठलं गुपित फुटलं असतं? टेहळ्यालाही बोट ठेवायला जागा नव्हती. हे वाक्य तिला दुसऱ्या दिवशी सकाळी सुचलं होतं, आणि मग ते तिची पाठ सोडेना.

पुढच्या शरदात युद्ध थांबलं. तह व्हायचा होता, तोफा बंद झाल्या होत्या. रस्त्यावर लोक अनोळखी माणसांना मिठ्या मारत होते. त्यानंतर तीन आठवड्यांनी, एका मंगळवारी सकाळी, शहरातल्या सार्वजनिक फोनवरून आलेल्या एका कॉलचा दिवा लागला.

"ताई."

एवढाच शब्द, आणि तिनं आवाज ओळखला. "भाऊ? भाऊ, तुम्ही आहात?"

"आहे. तळघर कोसळलं होतं, दोन दिवसांनी काढलं मला."

"आणि घरची?"

"नाही राहिलं कुणी." आवाज अगदी कोरडा होता. बातमी वाचावी तसा. ती रडायला लागली. ते थांबले, तिचं रडणं ओसरू दिलं आणि मग म्हणाले, "ताई, एक काम आहे. गावातली उरलेली माणसं तंबूत राहतात. थंडी तोंडावर आलीय. मास्तरांच्या हातात एक अर्ज द्यायचाय. कचेरीत आलो तर कारकून दारातून हाकलतात. कुठे जाता-येता मिनिटभर गाठ पडली तर बघा. ते आमच्या माणसांना भेटायला जातात म्हणे."

नियम तिला पाठ होता. पण त्या माणसानं तिच्याकडे याआधी एकदा काही मागितलं होतं, तेव्हा ती नियमाला चिकटून राहिली होती. आता युद्ध संपलं होतं. शेजारी टेहळ्याही नव्हता.

"गुरुवारी," ती म्हणाली. "चार वाजता. इस्पितळाच्या मागच्या दारानं बाहेर पडतात, धुलाईखान्याच्या बाजूनं. गाडीपाशी उभे राहा, ऐकून घेतील ते. मी सांगितलं म्हणू नका."

"नाही म्हणणार," भाऊ म्हणाले.

दोन दिवस ताईच्या जिवाला बरं वाटत होतं. बऱ्याच महिन्यांनी तिनं मुलीची वेणी घालताना गाणं गुणगुणलं.

गुरुवारी चार वाजून नऊ मिनिटांनी इस्पितळाचा दिवा लागला. मुख्य डॉक्टरांचा आवाज तिनं ओळखला, पण असा आवाज तिनं त्यांच्याकडून कधी ऐकला नव्हता. "गृहमंत्र्यांना द्या. लगेच." तिनं दिले, आणि ऐकलं. धुलाईखान्याच्या बाजूनं मास्तर बाहेर पडले. अर्ज घेऊन उभ्या असलेल्या एका तरुणासमोर थांबले, हात पुढे केला. कागदाखाली पिस्तूल होतं. तीन गोळ्या. मास्तर जागच्या जागी गेले. रक्षकांनी त्या तरुणालाही तिथेच मारलं.

पुढचे दोन तास ताईचे हात चालूच राहिले. तह अजून सहीशिवाय पडला होता. ही बातमी सीमेपलीकडे फुटली तर तोफा पुन्हा सुरू होतील, म्हणून हुकूम आला: मंत्रिमंडळ बसेपर्यंत एक शब्द बाहेर जाऊ द्यायचा नाही. तिनं सेनापती जोडले, न्यायाधीश जोडले, रेडिओ जोडला. एका वार्ताहरानं सहज विचारलं, "काय ताई, आज काही खास?" ती म्हणाली, "नंबर सांगा."

पाच वाजता मास्तरांच्या घरचा दिवा लागला. त्यांची बायको रोज याच वेळी विचारायची.

"निघाले का हो ते?"

ताईनं डोळे मिटले. तळघराच्या दारात सुरक्षा अधिकारी उभा होता, बोट ओठांवर ठेवून.

"वहिनी," ती म्हणाली, "तुम्ही इस्पितळात जा. आत्ता, या पावली निघा. सोबत थोरल्या मुलाला घ्या."

पलीकडे रिसीव्हर टेबलावर पडल्याचा आवाज आला. सुरक्षा अधिकारी तिच्या अंगावर धावून आला, "कळतं का काय केलंत?" ती म्हणाली, "कळतं," आणि पुढच्या दिव्यात दोरी खुपसली.

मारेकरी पुलाच्या गावचा होता, हे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं. पूल उडाला त्या दुपारी त्याचे आईबाप गेले होते. एकटाच होता, माथेफिरू होता, असं सगळे म्हणाले. प्रश्न एकच उरला: त्याला वेळ आणि दार कुणी सांगितलं?

ताईला ठाऊक होतं. आणि तिच्याखेरीज ते बाहेर येण्याचा कुठलाच मार्ग नव्हता. सार्वजनिक फोनवरचा कॉल, नोंद फक्त तिच्या वहीत, आणि ती नोंद तिनं केलीच नव्हती. गप्प बसली तर काहीच होणार नव्हतं. ती गप्प बसली. एक दिवस, दोन दिवस. अंत्ययात्रेला सगळं शहर लोटलं होतं. तीही नवरा, मुलगी आणि सासूबाईंबरोबर रस्त्याच्या कडेला उभी होती. सासूबाई भर गर्दीत मोठ्यानं म्हणाल्या, "कोण गं तो मेला, ज्यानं घरभेदीपणा केला?" आजूबाजूच्या लोकांनी माना डोलावल्या. ताईला वाटलं, सगळे आपल्याकडेच बघताहेत.

चौथ्या दिवशी मास्तरांच्या ड्रायव्हरला पकडलं. साठीचा माणूस, दम्याचा, बावीस वर्षं मास्तरांची गाडी चालवलेला. वेळ माहीत असणाऱ्या तिघांतला तो एक. सुरक्षा अधिकारी हुद्द्यानं मोठा, ताई बाईमाणूस आणि शिवाय सगळ्यांची ताई. तेव्हा संशय कुठे जाणार होता ते उघड होतं. सात-आठ दिवस त्याला आत ठेवलं. रोज सकाळी त्याची बायको कचेरीच्या दारात येऊन बसायची. एकदा ती जिना उतरून थेट तळघरात आली. हातात औषधाचा फवारा होता, रबरी फुग्याचा.

"ताई, हे त्यांना आत देत नाहीत. श्वास अडकला की हे लागतं त्यांना. तुमच्या हातात सगळ्या लाइनी आहेत. कुणाला तरी सांगा ना माझ्यासाठी."

ताईनं फवारा हातात घेतला. मग हेडफोन काढून फळीच्या खिळ्याला अडकवला. बोर्डावर तीन दिवे लागलेले होते. भर पाळीत ती जागेवरून उठली, हे अठरा वर्षांत पहिल्यांदाच.

"चला," ती म्हणाली, "मीच सांगते."

तपास अधिकारी जाड चष्म्याचा, सावकाश बोलणारा माणूस होता. त्यानं तिचं सगळं बोलणं मधे न अडवता ऐकून घेतलं. मग चष्मा पुसत म्हणाला, "तुम्ही बोलला नसतात तर आम्हाला कधीच कळलं नसतं. माहीत आहे?"

"माहीत आहे. आधी हा फवारा आत पाठवा."

त्या संध्याकाळी घरी तिनं नवऱ्याला पहिल्यांदा सगळं सांगितलं. ती पुलाची दुपार, तो मंगळवार, सगळं. तो बराच वेळ बोटांवरची शाई चोळत राहिला. शेवटी म्हणाला, "एवढं सगळं डोक्यात घेऊन तू रोज माझ्याशेजारी जेवत होतीस?" सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणते ती?" त्याला ते ओरडून सांगता आलं नाही. त्यानं आईच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाला, "काही नाही, आई."

आता भाऊंना शोधायचं होतं. अडचण ही की ताईनं त्यांचा चेहरा कधी पाहिलेला नव्हता आणि गावचं दप्तर जळालेलं. तंबूंच्या वस्तीतून टेलिफोन आणि तार खात्यातली वाचलेली सहा माणसं आणली. सहाही म्हणाले, आम्ही तारखात्यातले, फोनवर बसणारा मेला; एकमेकांना ओळखत असूनही कुणी कुणाकडे बोट दाखवलं नाही. एका खोलीत लाकडी पडदा उभा केला. पलीकडे सहाजण, अलीकडे स्टुलावर ताई, शेजारी चष्मेवाले अधिकारी आणि एक दंडाधिकारी.

सगळ्यांना एक वाक्य म्हणायला लावलं: "मला एक अर्ज द्यायचा आहे."

पहिला बोलला. नाही. दुसरा, तिसरा, नाही. चौथा बोबडं, नाकात बोलला. पाचवा खोल, सहावा घाबरून चिरका. सहापैकी एकही आवाज तिच्या ओळखीचा नव्हता.

"पुन्हा?" अधिकाऱ्यानं विचारलं.

ती विचार करत राहिली. कुणाचं नाव घेतलं तर तो माणूस फासावर जाऊ शकतो. चुकलं तर आणखी एक ड्रायव्हर. आणि बरोबर आलं तर? मनाच्या तळाशी तिला हेही वाटून गेलं, की सरळ "नाही ओळखू येत" म्हणावं आणि घरी जावं. कुणी तिला दोष दिला नसता.

"वाक्य नको," ती म्हणाली. "त्यांना आकडे वाचायला सांगा. लांबलचक."

अधिकाऱ्यानं कागदावर बारा आकडे लिहून पाठवले. पहिल्यानं ते एका दमात वाचले. दुसरा अडखळला. तिसऱ्यानं मोठ्यानं, शाळेतल्यासारखे. चौथा पुन्हा तसाच नाकात बोलू लागला: "चार सात... दोन नऊ... शून्य पाच..." दर दोन आकड्यांनंतर तो अर्ध्या श्वासाइतका थांबत होता. पलीकडचा लिहून घेईल इतकाच वेळ. शेवटच्या जोडीला आवाज खाली आला, म्हणजे नंबर संपला, जोडा. आवाज बदलता येतो, पण दहा वर्षं रोज शेकडो नंबर दिलेल्या माणसाला हे थांबणं बदलता येत नाही. ते त्याला स्वतःलाही ऐकू येत नाही.

ताई स्टुलावरून अर्धवट उठली. दंडाधिकारी पुढे झुकले. पडद्यापलीकडे खुर्ची सरकली.

"पुरे, ताई," चौथा माणूस आपल्या खऱ्या आवाजात म्हणाला. "मीच आहे. नका त्रास करून घेऊ."

पडदा बाजूला केला. तिनं त्यांना पहिल्यांदा बघितलं. तिनं मनात धिप्पाड माणूस धरला होता. हा तर बुटका, टक्कल पडलेला, एका बाजूनं वाकलेला, आणि स्वेटरचं कोपर विरलेलं.

खटला दोन महिने चालला. भाऊंनी काही लपवलं नाही. पिस्तूल त्या तरुणाचं, वेळ मी मिळवली, असं त्यांनी सांगितलं. त्यांच्या वकिलानं ताईला उभं करून विचारलं, "त्या दुपारी आरोपीनं तुम्हाला विचारलं, बायकोमुलींना टेकडीवर पाठवू का. तुम्हाला काय होणार ते ठाऊक होतं?"

"हो."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

तिनं ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं. कोर्टातल्या लघुलेखकाची पेन्सिल मधेच थांबली. मास्तरांची बायको पहिल्या रांगेत बसली होती. साक्षीच्या वेळी तिनं न्यायाधीशांना एवढंच सांगितलं की आपल्याला आणखी कुणाचं मरण नकोय. भाऊंना जन्मठेप झाली. ताईला गुप्ततेचा भंग केला म्हणून नोकरीवरून काढलं आणि सहा महिन्यांची कैद झाली, ती माफ करण्यात आली. ड्रायव्हर घरी आला, पण पुन्हा गाडीवर बसला नाही. रस्त्यात ताई दिसली की तो नमस्कार करायचा आणि पलीकडच्या बाजूनं निघून जायचा. त्याची बायको मात्र थांबून बोलायची.

ताई नंतर एका दवाखान्यात चौकशीच्या खिडकीशी बसू लागली. कोणता डॉक्टर कुठे, कुठला रोगी कुठल्या खाटेवर. लोक आत येता येता तिला ओळखायचे. कुणी कुजबुजायचे, कुणी मुद्दाम दुसऱ्या रांगेत जायचे. एका म्हाताऱ्यानं खिडकीतून तिच्या तोंडावर "तुम्ही घालवलंत मास्तरांना" असं म्हटलं. तिनं त्याला विचारलं, "कोणता वॉर्ड हवाय?" आणि रस्ता सांगितला. घरी येऊन मात्र ती न्हाणीघरात दार लावून बसली. मुलगी बाहेरून म्हणत होती, "आई, मी इथेच आहे हं."

दोन वर्षांनी ती तुरुंगात भेटायला गेली. भाऊ जाळीपलीकडे येऊन बसले. कैद्याच्या कपड्यांत ते आणखीनच वाकलेले दिसत होते. पहारेकऱ्यानं घड्याळ लावलं, पंधरा मिनिटं.

भाऊंनीच आधी विचारलं, "तुम्हाला किती आधी कळलं होतं?"

"तीन तास दहा मिनिटं."

"टेकडीवर जायला चाळीस मिनिटं लागतात. मुली धरून तासभर." ते मनाशी मोजत होते. "तुम्ही नुसतं 'जाऊ द्या' म्हणाला असतात तरी चाललं असतं."

"चाललं असतं," ताई म्हणाली. "मला ते दुसऱ्या दिवशी सुचलं."

भाऊंनी मान खाली घातली. "मास्तर त्या पोराशी बोलायला थांबले होते म्हणे. अर्ज वाचायला चष्मा काढत होते. मी ते वर्तमानपत्रात वाचलं." त्यांनी जाळीत बोटं अडकवली. "मला वाटायचं, ते गेले की मला झोप लागेल."

"लागते?"

"नाही."

पहारेकऱ्यानं वेळ संपल्याचं सांगितलं. उठताना ताईनं विचारलं, "पुन्हा येऊ का?" भाऊ पाठ वळवून आत गेले.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी ती पुन्हा गेली. ते बाहेर आले नाहीत. त्याच्या पुढच्या महिन्यात आले. असं नऊ वर्षं चाललं, कधी भेट व्हायची, कधी ती जाळीसमोर पंधरा मिनिटं एकटीच बसून परत यायची. नवरा तिला बसथांब्यापर्यंत सोडायचा आणि कधी विचारायचा नाही. दहाव्या वर्षी तुरुंगातून कळवलं की कैदी न्यूमोनियानं गेला, कुणी नातलग असल्यास यावं. अर्जावर नात्याचा रकाना होता. ताईनं त्यात "बहीण" असं लिहिलं, सही केली आणि ती त्यांना घ्यायला गेली.